नव्वद सेकंद

"सर, ह्यात असं लिहिलंय की तुमचा सर्व्हर फोन उचलतो, पण बोलत नाही," असं म्हणत त्या मुलीनं चार घड्या पडलेला कागद काउंटरच्या काचेखालून आत सरकवला, आणि नवनीतचा चहाचा कप ओठांपाशी जाता जाता थांबला. वाक्य साधंच होतं. इंग्रजीत आलेल्या एका यांत्रिक निरोपाचा तिनं आपल्या परीनं लावलेला तो अर्थ होता, आणि लावलाही होता अगदी बरोबर. पण हेच वाक्य नवनीतनं तीन वर्षांपूर्वी ऐकलं होतं. अहिराणीत, दुसऱ्या तोंडून, धानोऱ्याच्या घरी, खाटेवर बसलेल्या माणसाकडून. तेव्हा त्या खोलीत आईखेरीज तिसरं कोणी नव्हतं. मग हिला कोणी सांगितलं? पहिला विचार हाच आला. किती खुळा विचार, हे त्याचं त्यालाही कळत होतं. कुठे धानोरा, कुठे धडगाव, आणि कुठली ही रिना डोंगरसिंग पावरा, जिचं नाव त्यानं आज सकाळी पहिल्यांदा अर्जावर वाचलं. तरी त्यानं कप खाली ठेवला, चष्मा वर सरकवला आणि तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहून घेतलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दोन-तीन बस बदलून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तेवढा धुरळा होता, बस्स. पण ज्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही त्याच्याचपासून जपून राहावं, असं नवनीतचं मत होतं.

संशय हा त्याच्या स्वभावाचाही भाग होता आणि पोटापाण्याचाही. नंदुरबारातल्या ह्या नर्सिंग कॉलेजात तो एकोणीस वर्षं कॉम्प्युटरचं खातं सांभाळत होता. खातं म्हणजे तो स्वतः, एक थंडगार खोली आणि तिच्यात घरघरणारा मेल सर्व्हर. बाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारींवरून खाट, म्हणजे तिखट ठसका, उठला की सगळं गाव शिंकायचं, पण त्या खोलीचं दार नवनीत कधी उघडं टाकायचा नाही. घरी बेल वाजली की आधी पडद्याआडून बघणार, मग कडी काढणार. भाजीवालीनं न मागता कोथिंबिरीची काडी जास्त घातली, तर घरी येऊन पिशवी उलटी करणार. आणि अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचलणार, कानाला लावणार आणि गप्प राहणार. ह्या युक्तीचा त्याला फार अभिमान. यंत्र असेल तर आपलं हॅलो ऐकल्याशिवाय ते सुरू होत नाही आणि कापतं. फसवणारा घाईत असतो, त्याला गप्प माणूस परवडत नाही, तोही कापतो. आणि खरा ओळखीचा असेल तर आपणहून हाक मारतो, हे तो स्टाफरूममध्ये बोटांवर मोजून समजावून सांगायचा. त्याची बायको रुपा एकदा वैतागून म्हणाली होती, "देवनी जरी फोन करा ना, तरी तुम्ही आधी गप्पच बसशात." तेव्हा तो हसला होता. हसणंही त्यानं जरा जपूनच केलं होतं.

तीच युक्ती त्यानं सर्व्हरला शिकवली. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी दुसऱ्या एका संस्थेच्या नावानं बनावट अनुभवपत्र मेलनं पाठवलं, त्यावर एका बाईला कॉलेजात नोकरी लागली, पुढे भांडं फुटलं आणि कागद तपासणाऱ्यांनी सगळं खापर कॉम्प्युटरवाल्याच्या डोक्यावर फोडलं. तिकडे जाहिरातींच्या, बक्षिसांच्या, परदेशातल्या विधवांच्या मेलांनी प्राचार्यांची पेटी रोज तुंबत होतीच. तेव्हा नवनीतनं असं करून ठेवलं की ओळखीच्या यादीत नसलेला कोणताही सर्व्हर आपल्या सर्व्हरला जोडला गेला, की आपल्यानं जोडणी घ्यायची, पण नमस्कार म्हणून साठ सेकंद, पुढे त्याची नव्वद झाली, काही बोलायचं नाही. मेलच्या व्यवहारात आधी ज्याच्या दारात गेलो त्यानं बोलायचं असतं. तो बोलल्याशिवाय आलेल्यानं पत्र काढायचं नसतं. फालतू मेल पाठवणाऱ्याला तासाभरात लाखभर दारं वाजवायची असतात, त्याला तेवढी सेकंद जड होतात, तो पुढच्या दारी जातो. खरा असेल तो थांबेल. पहिल्या आठवड्यात रोजच्या चारशे मेल चाळीसवर आल्या. प्राचार्य शीला मॅडमनी सभेत टाळ्या वाजवायला लावल्या. आणि टाळ्या थांबायच्या आत नवनीतनं दुसरा नियम सुचवून टाकला, की अनुभवपत्र उमेदवाराच्या हातून घ्यायचंच नाही, ज्या संस्थेत काम केलं तिनं स्वतःच्या अधिकृत पत्त्यावरून थेट मेल करावी. तोही मंजूर झाला. दोन्ही बाजूंनी कडी. त्या दिवशी घरी जाताना त्याला फार वर्षांनी हलकं वाटलं होतं.

"दवाखान्यातून मी स्वतः पाठवली, सर. डॉक्टरांची सही स्कॅन करून," रिना सांगत होती. शाळेत शिकलेलं मराठी ती एकेक शब्द ठेवत बोलायची. धडगावच्या एका छोट्या सेवाभावी दवाखान्यात ती दोन वर्षं काम करत होती. पाड्यांवर फिरणं, बाळंतिणी बघणं, लसीचा डबा खांद्यावर घेऊन डोंगर चढणं. कॉलेजात अशा अनुभवी सेविकांसाठी प्रवेशाची एकच जागा होती आणि निवड यादीत नाव तिचं होतं. मग नावापुढे शेरा पडला, अनुभवपत्र प्राप्त नाही. "दोन दिवस आमची मशीन प्रयत्न करत होती. चौदा वेळा. मग हे परत आलं, तोवर तारीख गेली." कागदावर चौदा वेळांची रांग होती. नवनीतनं तो कागद उजेडात धरला. काय दिसणार होतं उजेडात? नोट होती थोडीच? पण असा कागद कोणीही बसून टाईप करू शकतं, हे त्याला माहीत होतं, आणि 'मेल केली होती' हे वाक्य ह्या काउंटरवर त्यानं इतक्यांदा ऐकलं होतं की ते कानावर पडताच आतून काहीतरी मिटून जायचं. "बघतो," तो म्हणाला. "मॅडमनी माझा शेरा मागवलाय. चारला समिती बसतेय." ती हलली नाही. "सर, पुढच्या वर्षी माझं वय निघून जातं," ती म्हणाली. विनवणी नव्हती त्यात. बसची वेळ सांगावी तसं तिनं सांगितलं. त्याचाही त्याला संशय आला. खऱ्या गरजेच्या माणसानं थोडं तरी रडायला हवं होतं.

तिचा बाप आवारातल्या कडुनिंबाखाली बसला होता. खिडकीतून तो सरळ दिसायचा. डोक्याला फेटा, अंगात नवा पांढरा सदरा, आणि हवेतला मिरचीचा खाट सोसत नव्हता म्हणून नाकावर धरलेला पंचा. शिपाई गोपाल सकाळी दोनदा त्याला व्हरांड्यात बाकावर बसायला सांगून आला होता, पण डोंगरसिंग उठला नाही. त्याच्या मुलखात म्हणे दुसऱ्याच्या दाराशी जाऊन हाका मारत नाहीत. अंगणाच्या कडेला बसायचं, घरातल्यानं बघावं, ये म्हणावं, मग जायचं. नवनीतला ही रीत ठाऊक होती. लहानपणी धानोऱ्यात त्यानं ती रोज पाहिली होती. दिवाळी सरली की सातपुड्यातली माणसं कामासाठी तापीकाठच्या गावांत उतरायची आणि त्यांच्या गोठ्याच्या कडेला येऊन बसायची, गप्प. आणि बाप, झिपरूअण्णा, त्यांना बघूनही बघायचे नाहीत. आंघोळ करायचे, देवाला फूल वाहायचे, चहा प्यायचे, बैलांच्या पाठीवरून हात फिरवायचे. ऊन गोठ्याच्या पायरीवर येईस्तोवर त्या माणसांशी एक शब्द नाही. नवनीतनं विचारलं तेव्हा म्हणाले होते, "ज्याले काम पायजे तो बशी ऱ्हास. ज्याले नही तो उठी जास. तपासानं आपलं काम." दहा वर्षांच्या नवनीतला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. एका सकाळी एक माणूस उठून चालू लागला. अण्णा म्हणाले, "दख, गया. खोटा व्हता." दुपारी नवनीत शाळेतून येताना तोच माणूस शेजारच्या मळ्यात कापूस वेचत होता. संध्याकाळी दिवा लागेपर्यंत वेचत होता. खोटा नव्हता तो, जिथं कोणी त्याच्याशी बोललं तिथं गेला होता एवढंच. हे अण्णांना सांगावं असं नवनीतला वाटलं होतं, पण सांगितलं नाही. आणि पस्तीस वर्षांनी सर्व्हरला त्यानं जे शिकवलं ते ह्याच गोठ्याच्या पायरीवरून उचललेलं होतं, हे आज, ह्या खिडकीत उभं असताना, पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं.

नोंदी बघायला पाच मिनिटं लागली असती. सर्व्हर सगळं लिहून ठेवतो, कोण आलं, कधी आलं, किती वेळ थांबलं, कधी गेलं. पण नवनीत बाराला उठला, पंख्याचं बटण तपासून आला, जुनी फाईल काढली, पुन्हा ठेवली. साडेबाराला डबा उघडला. माणूस टाळाटाळ करतो तेव्हा आपण टाळतोय हे त्याला दिसत नाही असं म्हणतात. नवनीतला ते चांगलं दिसत होतं. त्याला स्वतःचाच संशय यायला लागला होता, आणि ही त्याला सवय नसलेली गोष्ट होती. भाकरीचा घास तोंडात फिरत राहिला. गोपाल पाण्याची बाटली ठेवायला आला आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "तो बाबा आजून बशेल शे, साहेब. मी त्याले चहा दिधा. घेस नही."

"का घेत नाही?"

"म्हणस, आधी काम सांगा, मंग चहा." गोपाल हसला. "आनि त्या पोरले मी पुसं, कितला वाजालोंग थांबशाल? ती म्हने साडेतीननी शहादानी बस. ती चुकनी तं धडगावनी शेवटली जीप चुकस. मंग रात्र कुठे काढतीन?"

म्हणजे साडेतीनपर्यंत थांबतील. त्यापुढे थांबणार नाहीत. आणि साडेतीनला ते उठले की कोणीतरी म्हणेल, बघा, गेले. खरे असते तर थांबले असते. हे वाक्य त्याच्या मनात इतक्या सहजपणे तयार झालं की त्याला आपल्याच जिभेची किळस आली. त्यानं डबा बंद केला.

आणि मग जे तो सकाळपासून दाबून ठेवत होता ते वर आलंच. मे महिना, तीन वर्षांपूर्वीचा. दुपारी ह्याच टेबलावर बसला असताना त्याच्या मोबाईलवर अनोळखी नंबर आला. त्यानं उचलला, कानाला लावला, गप्प राहिला. तिकडे गाड्यांचा आवाज, कसलं तरी चरकासारखं घुंगरू. कोणी बोलेना. अकरा सेकंदांनी फोन बंद झाला. थोड्या वेळानं पुन्हा तोच नंबर, पुन्हा तोच आवाज, पुन्हा कोणी बोलेना. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याला खात्रीच पटली. असल्या टोळ्या आधी नंबर चालू आहे का ते तपासतात, मग जाळं टाकतात, हे त्यानं नुकतंच वाचलं होतं. त्यानं तो नंबर फसव्यांच्या यादीत टाकून दिला आणि कामाला लागला. दोन दिवसांनी धानोऱ्याला गेला तर अण्णा खाटेवर बसलेले, पायाला पट्टी, चेहरा उन्हानं काळवंडलेला. डोळे तपासायला ते एकटेच नंदुरबारला आले होते. डॉक्टरनं डोळ्यांत औषध घातलं, पुढचं दिसेना, स्टँडवर दगडाला ठेचकाळून पडले, मोबाईल फुटला. पोराचा नंबर मात्र तोंडपाठ होता. रसवंतीवाल्याचा फोन मागून त्यांनी तीनदा लावला. अण्णा फोनवर आपणहून कधी बोलायचे नाहीत. ज्यानं उचलला त्यानं आधी विचारावं, कोण, ही त्यांची जुनी समजूत. तीनदा त्यांनी वाट पाहिली. मग एसटीत बसले आणि फाट्यापासून घरापर्यंत, धुक्यातून चाचपडत चालावं तसे, मेच्या उन्हात चालत गेले. आई सिंधुबाई हे सगळं सांगत होती, अण्णा भिंतीकडे बघत होते. तिचं सांगून झालं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तू फोन उचलस, पन बोलस नही."

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं सांगत होते. नवनीतनं समजावायचा प्रयत्न केला, हल्ली किती फसवाफसवी चालते, कशी टोळ्यांची माणसं असतात, लोकांचं आयुष्य कसं एका हॅलोनं उद्ध्वस्त होतं. अण्णांनी मान हलवली. त्यांना ते पटलंसुद्धा असावं, कारण तपासणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं? पण त्यानंतर त्यांनी त्याला फोन केला नाही. नवा मोबाईल आणून दिला, तो फडताळात पडून राहिला. नवनीतच करायचा, आणि अण्णा हूं, हां, बरं, एवढंच. पुढच्या पौषात ते गेले, झोपेत, साधेपणानं. त्या फोनमुळे गेले नाहीत. तसं कोणी म्हणूही शकलं नसतं. आणि म्हणूनच नवनीतला ती गोष्ट कोणाजवळ बोलून मोकळं होता आलं नाही; गुन्हा नव्हताच, मग कबूल काय करणार. बापाला आपण नव्वद सेकंदसुद्धा दिली नव्हती, हे तेवढं खरं होतं. आणि त्या फोनच्या महिनाभरानंतर त्यानं सर्व्हरला गप्प राहायला शिकवलं होतं. महिनाभरानंतर! माणसानं शहाणं व्हायचं म्हटलं तर होता येतं, पण उलट्या बाजूनंही होता येतं.

दोनच्या सुमारास त्यानं थंड खोलीचं दार लावून घेतलं आणि नोंदी उघडल्या. धडगावच्या दवाखान्याचा पत्ता टाकला. आला. एकदा नाही, चौदा वेळा. कागदावरच्या वेळा आणि ह्या वेळा मिनिटामिनिटाला जुळत होत्या. अकरा वेळा तो सर्व्हर आला, तीस सेकंद उभा राहिला आणि गेला. तीस का, हे नवनीतला न सांगता कळलं. वर टॉवर कधी असतो, कधी नसतो. लाईन आली की तेवढ्यात साठलेली सगळी पत्रं पाठवून घ्यायची असतात, म्हणून तिथल्या कोणीतरी मशीनला सांगून ठेवलं असणार, कुठंच अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबू नको. ज्याची जीप ठरलेल्या वेळी सुटते तो दारात किती उभा राहणार? आणि उरलेल्या तीन वेळा तर त्याला आवारातच येता आलं नव्हतं. नवनीतचा सर्व्हर एका वेळी पन्नास जोडण्या धरू शकायचा, आणि त्या तिन्ही वेळी पन्नासच्या पन्नास जागा भरलेल्या होत्या. कोण बसलं होतं त्या जागांवर? त्यानं ती यादी खाली खाली सरकवली. बक्षिसवाले होते. विधवा होत्या. काळ अर्थातच पुढे गेला होता. आता त्यांच्याकडे हजारो मशीनं होती, त्यांना कसलीच घाई नव्हती, ते नव्वद सेकंद खुशाल बसत होते आणि नमस्कार झाला की पत्र ठेवून जात होते. व्हरांड्यातली सगळी बाकं त्यांनी धरली होती. त्याच्या परीक्षेत फसवे पास होत होते, आणि नापास झाला होता तो धडगावचा दवाखाना. तीन वर्षांत असे आणखी किती गेले असतील, उभे राहून? प्राचार्यांची पेटी पुन्हा तुंबायला लागलीय अशी कुरकूर गेले वर्षभर ऐकू येत होती, आणि त्यानं तेव्हा काय केलं होतं? साठ सेकंदांची नव्वद केली होती.

त्याच्यापुढे पळवाट होती, आणि चांगली रुंद होती. मेलचे जे जगभराचे नियम आहेत त्यात स्पष्ट म्हटलंय की पाठवणाऱ्यानं नमस्कारासाठी पाच मिनिटं थांबावं. धडगाववाला तीस सेकंदांत गेला. नियमानं चूक धडगावची. शीला मॅडमना त्याच्याकडून एकच ओळ हवी होती, मेल प्राप्त झाली नाही, आणि ती ओळ अक्षरशः खरी होती. त्यानं ती लिहिलीही. लिहून वाचली. एक शब्द खोटा नव्हता तीत, आणि तरी एवढी खोटी ओळ त्यानं जन्मात लिहिली नव्हती. खिडकीबाहेर डोंगरसिंगनं पंचा झटकून पुन्हा नाकाला धरला. रिना त्याच्या शेजारी उकिडवी बसून मोबाईलवर वेळ बघत होती. नवनीतनं कागद फाडला आणि दुसरा घेतला. 'मेल चौदा वेळा आपल्या सर्व्हरपर्यंत आली. आपल्या सर्व्हरने ती घेतली नाही. ही रचना मी केलेली आहे आणि दोष तिचा आहे. उमेदवाराचे म्हणणे खरे आहे.' खाली सही करून तो कागद घेऊन प्राचार्यांच्या खोलीकडे निघाला.

शीला मॅडमनी ते दोनदा वाचलं. "नवनीत सर, हे असं लिहून दिलंत तर उद्या चौकशी तुमचीच लागेल. ज्या ज्या मुलांची पत्रं आली नाहीत ते सगळे येतील."

"येऊ द्या," तो म्हणाला. "यायलाच हवेत."

"तुमच्या तोंडी हे वाक्य?" त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पेन उचललं. "उद्या दुपारी बारापर्यंत त्या संस्थेच्याच पत्त्यावरून मेल आली तर मी समितीकडून घेववते. तेवढं माझ्या हातात आहे. बारानंतर नाही." तो खोलीत परत आला आणि सर्व्हरला नव्वद सेकंद गप्प बसवणारी ती ओळ त्यानं पुसून टाकली. पुसायला दोन सेकंद लागली.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तो जिना उतरून आवारात आला तेव्हा रिना उठून पिशवी खांद्याला लावत होती. मिरचीचा खाट एकदम त्याच्या घशात गेला आणि बोलायच्या ऐवजी तो खोकतच राहिला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. ती दोघं वाट बघत उभी राहिली. "तुमचं खरं होतं," अखेर तो म्हणाला. "चौदा वेळा आली होती मेल. आमच्याकडून घेतली गेली नाही. चूक माझी आहे, तसं मी लिहून दिलंय. उद्या बाराच्या आत पुन्हा पाठवा." रिनानं एकदम बापाकडे पाहिलं आणि त्यांच्या बोलीत भराभर काही सांगितलं. मग तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच संशय दिसला, आणि तो अगदी रास्त होता. "ह्या वेळी घेईल, सर? नक्की?" "घेईल," तो म्हणाला. "जोडल्याबरोबर बोलेल. आणि नाही झालं तर मला फोन करा. कुठल्याही नंबरवरून करा." त्यानं कागदावर आपला नंबर लिहून दिला. डोंगरसिंगनं पंचा नाकावरून काढला आणि त्याच्याकडे बघितलं. "सकायपासून तू खिडकीमधून दखी ऱ्हायना व्हता," तो खानदेशी वळणानं म्हणाला. "मी म्हंतू, आते बोलीन, आते बोलीन." नवनीतनं गोपालला चहाची खूण केली. गोपालनं आणलेला चहा म्हाताऱ्यानं उभ्या उभ्या, दोन घोटांत प्यायला, आणि ती दोघं फाटकाबाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी तो आठलाच येऊन बसला. रात्रभरात सर्व्हरनं कोणाकोणाला नमस्कार केला होता! सातशेवर मेल आत येऊन पडल्या होत्या, आणि त्या गाळायची दुसरी काहीतरी तजवीज, आलेल्याचं पत्र वाचून मग ठरवणारी, त्याला शिकून घ्यावी लागणार होती. नऊ वाजले, दहा वाजले. धडगावचा पत्ता दिसेना. जीप मिळाली असेल ना? टॉवर असेल का? की आपली चेष्टाच केली असं वाटून त्यांनी नाद सोडला असेल? अकरा वाजता तो उभाच राहिला. अकरा वाजून चौतीस मिनिटांनी ओळ उमटली. आला, नमस्कार झाला, पत्र ठेवलं, गेला. सगळं मिळून चार सेकंद. डॉक्टरांची सही जरा वाकडी स्कॅन झाली होती. त्यानं ते छापलं आणि स्वतः नेऊन मॅडमच्या हातात दिलं, आणि परत येऊन खुर्चीत बसला तेव्हा आनंद झाल्यासारखं वाटलं, पण पुरता नाही.

मग त्यानं मोबाईल काढला आणि फसव्यांची यादी उघडली. तीन वर्षं तो त्या पानावर गेला नव्हता. कर्जवाले, कार्डवाले, लॉटरीवाले, खाली खाली, आणि त्यांच्यात तो नंबर, मे महिन्याच्या तारखेसह. बापानं तीनदा हाक मारलेली जागा त्यानं तीन वर्षं चोरांच्या रांगेत ठेवली होती. त्यानं नंबर यादीतून काढला. आणि कशासाठी ते न कळता, लावला. दुसऱ्याच घंटेला उचलला गेला. तेच घुंगरू, त्याच गाड्या, आणि लागलीच, एका क्षणाचीही वाट न बघता, मोठा मोकळा आवाज आला. "हां, बोला! कोन बोली ऱ्हायनं?"

नवनीतनं तोंड उघडलं. मे महिन्यातला एक म्हातारा, डोळ्यांत औषध घातलेला, असं काहीसं त्याला विचारायचं होतं. पाच सेकंद गेली, दहा गेली. आता हा कापेल, असं त्याला वाटलं. त्यानं कापायलाच हवं होतं.

"बोला ना भाऊ," रसवंतीवाला म्हणाला. "घाई नही. मी आयकी ऱ्हायनू."